तीन वाजताची सावली

फिजिक्सच्या पुस्तकात प्रकाशाचा धडा उघडला की पहिली गोष्ट सांगतात ती अशी, की प्रकाश सरळ रेषेत जातो. एवढंच. वळत नाही, कोपऱ्यावरून डोकावत नाही, समोर कोण आलंय ते बघून रस्ता बदलत नाही. अगदी बारीक फटीतून जाताना तो थोडा पसरतो, पण ती भानगड पुढं लहरींच्या धड्यात येते. माणसाएवढ्या, भिंतीएवढ्या वस्तूला तो हिशेब लागत नाही. इथं कागदावर पट्टीनं रेघ मारायची, रेघेवर बाण काढायचा, झाला किरण. आरसे, भिंगं, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, सगळा धडा या एका रेघेवर उभा आहे. ज्याला गणिताची धास्ती आहे त्यालाही हा भाग जमतो. पट्टी, कंपास आणि टोक केलेली पेन्सिल असली की बस्स.

मी हा धडा बारावीसाठी करतोय. मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरलाय, परीक्षा ऑक्टोबरात. आपले दोस्त विचारतात, काय रे, तू कविता करणारा माणूस, हे भिंगबिंग कशाला? गिरणीत वरच्या जागेला बारावी लागते हे एक कारण आहेच, ते कशाला लपवू. पण या अंकात लिहायचं कारण वेगळं आहे. प्रकाश सरळ जातो, म्हणून वाटेत अपारदर्शक वस्तू आली की तिच्यामागं सावली पडते, हे पुस्तकानं दोन ओळींत उरकलंय. त्या दोन ओळींखाली आपल्या किती पिढ्या चिरडल्या गेल्या! पुस्तक लिहिणाऱ्यांना ते ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून मार्कांत बसत नसेल. म्हणून म्हटलं, ते उत्तर आपणच लिहू.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळानं होऊ न दिलेलं ते भाषण आपल्यातल्या बहुतेकांनी वाचलंय. त्यात पेशवाईतला रस्ता आहे. समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्यानं रस्त्यावर यायचं नाही, कारण त्याची सावली पडेल आणि तो विटाळेल. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं. घुर्ये यांच्या १९३२ च्या जातीवरच्या इंग्रजी पुस्तकात आणखी एक नोंद आहे. मराठ्यांच्या आणि पेशव्यांच्या अमलात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळांना त्यांच्या अंगाची सावली फार लांब पडते.

हे आपण सभेत कितीदा ऐकलंय. वक्ता आवाज चढवतो, मुठी आवळतात, घोषणा होते. पण कुणी विचारत नाही, लांब म्हणजे किती? परीक्षेत 'लांब' असं उत्तर लिहिलं तर भोपळा मिळतो. आकडा लिहा, एकक लिहा, आकृती काढा म्हणतात. मग मी काढली आकृती.

माणूस सरळ उभा आहे, ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू. जमिनीवर आडवी पडलेली सावली ही दुसरी. डोक्याला घासून सावलीच्या टोकाला पोचणारा किरण हा कर्ण. सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर, तो सावलीच्या टोकाचा कोन. उंचीला त्या कोनाच्या टॅननं भागलं की सावली मिळते. सूर्य ४५ अंशांवर असला तर सावली माणसाएवढीच. ३० अंशांवर असला तर पावणेदोनपट. १० अंशांवर, म्हणजे उगवून थोडाच वेळ झालेला असताना, साडेपाचपटीच्याही वर. आता फक्त एवढंच काढायचं, की पुण्यात नऊला आणि तीनला सूर्य किती वर असतो.

त्यासाठी खगोलाच्या पुस्तकातून सूत्र उतरवून घेतलं. त्यात गावाचा अक्षांश लागतो, सूर्याची क्रांती लागते, आणि दुपारपासून किती वेळ झाला ते लागतं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. पेशव्यांच्या काळात आजची प्रमाणवेळ नव्हती. सूर्य माथ्यावर आला की दुपार, हीच वेळ. त्यामुळं नऊ आणि तीन ही दुपारच्या दोन अंगांची बरोबर सारख्या अंतरावरची टोकं आहेत. अलीकडं साडेसात घटका, पलीकडं साडेसात घटका. दोन्हीची सावली सारखीच, फक्त दिशा वेगळी.

माझी उंची पाच फूट चार इंच. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीसला, जेव्हा दिवस-रात्र सारखे असतात, तेव्हा तीन वाजता सूर्य ४२ अंशांवर येतो. माझी सावली आली ७१ इंच, म्हणजे पाच फूट अकरा. स्वतःपेक्षा सात इंच जास्त. एवढ्यावर वेशीचा दरवाजा बंद!

यंदा मार्चमध्ये कामासाठी पुण्याला जाणं झालं तेव्हा टेप खिशात टाकून नेला. बरोबर एक दोस्त होता. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात मोकळी सपाट जागा बघून उभा राहिलो. प्रमाणवेळेच्या घड्याळानं त्या दिवसांत पुण्याचा सूर्य पावणेएकच्या सुमाराला माथ्यावर येतो, म्हणून खरे तीन वाजतात ते घड्याळात पावणेचारच्या सुमाराला. टेप लावला. ७१ च्या इंचभर अलीकडं-पलीकडं. एक रखवालदार जवळ आला, काय मोजताय म्हणाला. दोस्त म्हणाला, सावली. रखवालदार म्हणाला, सरकारी काम आहे का? दोस्त म्हणाला, होतं, पण १८१८ साली सरकार गेलं आणि काम अर्धवट राहिलं. रखवालदाराला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो हसला आणि टेपचं एक टोक धरून उभा राहिला.

इंचभर अलीकडं-पलीकडं का म्हटलं, तेही सांगतो, कारण ते परीक्षेत येतं. सूर्य हा ठिपका नाही, ताट आहे. आपल्याला तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. ताटाच्या वरच्या काठाकडून येणारा किरण माझ्या डोक्यावरून जाऊन एका जागी टेकतो, खालच्या काठाकडून येणारा दुसऱ्या जागी. या दोन जागांच्या मधल्या पट्टीत सूर्य अर्धाच दिसतो. ही उपच्छाया. जिथं सूर्य मुळीच दिसत नाही ती प्रच्छाया. म्हणून कुठल्याच सावलीला धारदार कड नसते. माझ्या पायाजवळ सावली ठसठशीत, डोक्याकडं पुसट. मार्चमधल्या तीनच्या सावलीला डोक्यापाशी ही पुसट पट्टी हिशेबानं सव्वा-दीड इंचाची येते. म्हणजे विटाळ नेमका कुठं संपतो ते ब्रह्मदेवालाही इंचात सांगता आलं नसतं. एखाद्या भटजीचा अंगठा त्या पट्टीत आला तर त्यानं पुरी अंघोळ करायची का अर्धी? यावर कुठल्या शास्त्रीबोवांनी निर्णय दिला असेल तर मला वाचायला आवडेल.

पण खरी गंमत पुढं आहे. नऊ आणि तीन हे बाराही महिने सारखेच धरले, तर सावली सारखी राहत नाही. जूनमध्ये एकवीस तारखेला तीन वाजता सूर्य जवळजवळ ४८ अंशांवर असतो. माझी सावली चार फूट दहा इंच, माझ्यापेक्षा आखूड. डिसेंबरात एकवीस-बावीसला तीन वाजता सूर्य २९ अंशांवर, सावली साडेनऊ फूट. जवळजवळ दुप्पट. आणि डिसेंबरात भर दुपारी बाराला? चार फूट साडेनऊ इंच. म्हणजे डिसेंबरातल्या भर दुपारची सावली आणि जूनमधली तीनची सावली जवळपास एकच. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तर एकेक दिवस असा येतो की पुण्यात दुपारी सावली पायाखालीच जाते, बाहेर काही उरत नाही.

आता मला सांगा, भीती जर सावलीच्या लांबीची होती, तर मार्चमध्ये चालणारी पाच फूट अकराची सावली हे माप धरून डिसेंबरात दरवाजा साधारण साडेदहाला उघडून दीड-पावणेदोनच्या आत बंद करायला हवा होता. आणि जूनमध्ये तीनच्या पुढंही पंचवीस मिनिटं उघडा ठेवायला हवा होता. नियम हलायला पाहिजे होता. सूर्य हलतो तसा.

कुणी म्हणेल, त्यांना एवढं गणित कुठलं. खोटं आहे. सावलीचं गणित हेच तर त्यांचं खास गणित होतं. सूर्यसिद्धान्तात त्रिप्रश्नाधिकार म्हणून तिसरा अध्याय आहे, तो सगळा शंकूच्या सावलीवर. बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि त्याच्या सावलीवरून दिशा, स्थळ, काळ काढायचा. दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशीची दुपारची सावली म्हणजे पलभा. पुण्याची पलभा हिशेबानं चार अंगुळं येते. मी टॅनचं कोष्टक बघून जे करतो ते पंचांगवाले शेकडो वर्षं करत आलेत. लग्नाची घटका पळापर्यंत मोजणाऱ्या माणसाला डिसेंबरची सावली दुप्पट पडते हे दिसत नव्हतं?

दिसत होतं. पण नियम सावलीच्या मापाचा नव्हताच. दिवसाचे चार प्रहर घ्या. नऊला पहिला संपतो, तीनला तिसरा संपतो. पहिला आणि चौथा प्रहर बंद, मधले दोन चालू. मला तरी हे सावलीचं माप वाटत नाही, हजेरीची वेळ वाटते. गावाला झाडणारा माणूस लागतो, ओझं वाहणारा लागतो, मेलेलं ढोर ओढणारा लागतो. तेवढ्यापुरता तो आत यावा आणि काम झालं की बाहेर जावा. गेटवरच्या माणसाला तर हे सांगायलाच नको, आपण रोज तेच बघतो. सावली हे कारण नव्हतं, निमित्त होतं. मी हे घोषणा म्हणून म्हणत नाही. डिसेंबरचा आकडा आणि जूनचा आकडा शेजारी शेजारी ठेवा, तुमचं तुम्हाला दिसेल.

इथं आपल्यातल्या काही दोस्तांशी माझं जमत नाही. त्यांचं म्हणणं, विज्ञान शिकवा, जात आपोआप जाईल. सावलीचं गणित ज्यांना सगळ्यात चांगलं येत होतं त्यांच्याच गावात हा नियम होता. गणित येणं आणि ते कुणासाठी वापरायचं, या दोन गोष्टी आहेत. पहिली पुस्तकात मिळते.

आणि गणित फक्त त्यांनाच येत होतं असंही नाही. आमची आजी निरक्षर. तिच्या सासूनं तिला नवी सून असताना शिकवलेलं ती सांगायची. "सकाळच्याला वाटंनं कुणी मोठ्या घरचं आलं तर आपुन मावळतीच्या अंगाला व्हायचं. सांजच्याला उगवतीच्या अंगाला." आकृती काढून बघा. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. आपण त्या माणसाच्या पश्चिमेला असलो तर आपली सावली त्याच्यापासून लांब जाते. संध्याकाळी उलटं. शंकू नाही, कोष्टक नाही, पुस्तक नाही, डोक्यावर पाण्याची घागर आणि चालता चालता किरणाकृती. आजीच्या सासूला कुणी या विषयात पास केलं नाही. चुकली असती तर नापास मात्र लगेच केलं असतं, तेही पाठीवर.

गिरणीत आलो तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की शेडमध्ये आपली सावली नीट पडतच नाही. जुन्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं आणि दाताच्या उभ्या बाजूला काचा उत्तरेकडं असतात. थेट ऊन बहुतेक वर्षभर आत येऊ नये, आभाळाचा पसरलेला उजेड तेवढा यावा, अशी ती रचना. उजेड एका बाजूनं आला तर सूत नीट दिसत नाही, डोळा दमतो. उजेड चहूकडून आला की प्रच्छाया राहत नाही, नुसत्या फिक्या उपच्छाया. रात्री ट्यूबांच्या रांगा, तिथंही तेच. एका माणसाच्या दहा फिकट सावल्या, आणि कुठली कुणाची ते सांगता येत नाही.

तर मग अशा जागी विटाळ गेला असेल? नाही गेला. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. जास्त पगाराचं खातं ते. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि थुंकी लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे उघड्या रस्त्यावर सावली, आणि छपराखाली सावली मिळेना तर थुंकी. आता नव्या मागांना धोटाच नाही, तिथं ते निमित्तही संपलं. पुढचं निमित्त काय निघतं ते बघत राहायचं.

धड्याचा दुसरा अर्धा भाग भिंगांचा. तो मला पुस्तकाआधी गिरणीनं शिकवला. कापड तपासणाऱ्यांकडं पिक ग्लास असतं. घडीचं छोटं भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं आणि इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचं. चौकट आणि भिंग यांच्यातलं अंतर घडीनं पक्कं केलेलं असतं. ते तेवढंच का, हे तीन वर्षं कुणी सांगितलं नाही. धड्यात कळलं. वस्तू भिंगाच्या नाभीच्या आत हवी. समजा नाभीय अंतर ५ सेंटीमीटर आणि कापड भिंगापासून ४ सेंटीमीटरवर. एक पंचमांशातून एक चतुर्थांश वजा केला, राहिला उणे एक विसांश. म्हणजे प्रतिमा उणे २० सेंटीमीटरवर. वीसला चारनं भागलं, पाचपट मोठी. सुलटी. आणि आभासी.

त्या उणेबद्दल थोडं. चिन्हांचा संकेत असा आहे की सगळी अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची. प्रकाश जिकडं जातो तिकडं मोजलं तर अधिक, उलट दिशेला मोजलं तर उणे. त्यामुळं वस्तूचं अंतर नेहमी उणे येतं. आमच्या अभ्यासाच्या कट्ट्यावर एक पोरगा म्हणाला, बघा, वस्तू म्हणजे आपणच, जन्मापासून उणे. सगळे हसले. मी म्हटलं, लेका, उणे वस्तूच्या अंगात नसतं. मोजणारा कुठं बसलाय त्यावरून ठरतं. त्यानं वहीत ते लिहून घेतलं, पण गणितात चिन्ह विसरलाच.

शब्दांचा त्रास मात्र खरा आहे. दहावीपर्यंत मराठीत आपाती किरण, स्तंभिका, अपवर्तनांक. बारावीचं माझं पुस्तक इंग्रजीत, तिथं इन्सिडेंट, नॉर्मल, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स. आधी संस्कृताची भिंत चढायची, चढून वर गेलो की पलीकडं इंग्रजीची. आम्ही कट्ट्यावर सरळ बोलतो: येणारा किरण, जाणारा किरण, उभी रेघ. पातळ्यातून दाटात गेला की उभ्या रेघेकडं झुकतो, दाटातून पातळ्यात गेला की रेघेपासून फाकतो. परीक्षेत स्तंभिका लिहू, मार्क घेऊ. समजून मात्र आपल्याच शब्दांत घ्यायचं. नाभी हा शब्द मला आवडतो. भिंगाला बेंबी आहे, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं.

आता आभासी प्रतिमा. पिक ग्लासमधून दिसणारे जाड धागे पडद्यावर धरता येत नाहीत. तिथं कागद ठेवला तर कागद कोराच. तेच भिंग जमिनीपासून नाभीय अंतरावर धरा, छतावरच्या ट्यूबची इवलीशी प्रतिमा फरशीवर उतरते. ही वास्तव प्रतिमा. धरता येते, आणि उलटी असते. एका भिंगानं समोरच्या खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा काढली की ती उलटीच येणार. आपल्या कवितेला 'अंगावर येणारं वास्तव' असं लेबल लावणाऱ्या समीक्षकांनी हा धडा एकदा वाचावा.

आभासी प्रतिमा पडद्यावर येत नाही, मग दिसते कशी? कारण बघणारा डोळा त्या फाकणाऱ्या किरणांना पुन्हा गोळा करतो आणि आतल्या पडद्यावर प्रतिमा पाडतो. म्हणजे बघणं हे डोळ्यात प्रकाश शिरण्याचं काम आहे. आज हे सोपं वाटतं, पण यावर माणसं शेकडो वर्षं भांडलीत. न्यायदर्शनवाले म्हणत, डोळ्यातून तेजाचा किरण निघतो आणि वस्तूला जाऊन भिडतो, तेव्हा दिसतं. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात उलट भूमिका आहे. डोळा वस्तूला न भिडताच बघतो. आपले म्हणून त्यांना पुरे मार्क देता येणार नाहीत, पण डोळ्यातून काही बाहेर जात नाही या बाजूला ते होते, तेवढे अर्धे द्यावेच लागतील. उरलेले अर्धे बसऱ्याचा इब्न अल-हैथम घेऊन जातो. हजार वर्षांमागं कैरोत बसून त्यानं मांडलं, की उजेड वस्तूवर पडतो, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून चहूकडं निघतो, आणि त्यातला थोडा सरळ रेषेत आपल्या डोळ्यात येतो.

प्रत्येक बिंदूपासून चहूकडं, हे ध्यानात घ्या. आरशावर पडलेला उजेड एकाच दिशेला जातो. कातडी, कापड, माती यांच्यावर पडलेला उजेड सगळीकडं उधळतो. पुस्तकात याला अनियमित परावर्तन म्हणतात. म्हणून तर एकच माणूस रस्त्यावरच्या शंभर माणसांना एकाच वेळी दिसतो. माझ्या कपाळावर पडून उधळलेला उजेड त्या शंभरांच्या डोळ्यांत शिरतो, बुबुळातून आत जातो, पार पडद्यावर जाऊन टेकतो.

आणि सावली? सावली म्हणजे जिथं सूर्याचा थेट उजेड पोचला नाही ती जागा. माझ्यातून काही निघून तिथं गेलेलं नाही. उलट, जे जाणार होतं ते माझ्यापाशीच अडलं. विटाळ म्हणजे जर स्पर्श, तर पुण्याच्या रस्त्यात सावलीनं कुणाला काहीच लागत नव्हतं. लागत होता तो उजेड. नऊ ते तीन, वेशीचे दरवाजे उघडे, डोक्यावर ऊन, आणि महाराच्या अंगाला लागून आलेला उजेड ज्याच्या त्याच्या डोळ्यात, सोवळ्यातल्याच्याही. मनाई केली ती त्या एकाच गोष्टीला, जिच्यात आपलं काहीच नव्हतं.

हे सूत्र कुणी शेवटापर्यंत नेलंच नाही असं मात्र नाही. दक्षिणेत तिरुनेलवेली भागात पुरद वण्णन नावाची जात होती. इतर अस्पृश्यांचे कपडे धुणारे हे लोक. त्यांच्याबद्दल १९३२ साली मद्रासच्या 'द हिंदू' दैनिकात छापून आलं होतं. नुसतं दिसण्यानं विटाळ, म्हणून त्यांनी दिवसा बाहेर पडायचं नाही. मध्यरात्र ते पहाट एवढ्यात काम उरकायचं. प्रकाशिकीच्या दृष्टीनं बघितलं तर पुण्यापेक्षा हा नियम जास्त शिस्तीचा. उजेडानंच लागतं ना, मग उजेडातच येऊ द्यायचं नाही. हे वाचलं त्या दिवशी मला पुढं अभ्यास झाला नाही. वही मिटली, रातपाळीला गेलो. मध्यरात्र ते पहाट हीच आमचीही वेळ, पण आमच्या डोक्यावर ट्यूब असते आणि शेजारचा माणूस मला बघत असतो.

प्रकाशाच्या धड्याचे मार्क थोडेच आहेत. यातलं अर्धंअधिक लिहिलं तर तपासणारा 'विषयांतर' म्हणून रेघ मारेल. मारू दे. भिंगाचं सूत्र, चिन्हांचा संकेत, अपवर्तनाचा नियम, सूक्ष्मदर्शकाची आकृती, एवढं पाठ झालंय. पूर्ण आंतरिक परावर्तन राहिलंय, ते रविवारी. कट्ट्यावर ज्याला यायचंय त्यानं कंपास आणावा, टेबल एकच आहे.

डिसेंबरचा साडेनऊ फुटांचा आकडा अजून कागदावरचाच आहे, मोजलेला नाही. परीक्षा झाल्यावर, डिसेंबरच्या एकवीस-बावीसला सुट्टी मिळाली तर पुन्हा पुण्याला जायचं ठरलंय. तेव्हा खरे तीन वाजतात ते घड्याळात साडेतीनच्या सुमाराला. माझा टेप लहान पडत नाही, पण त्याचं पुढचं टोक वाकलंय. कुणाकडं लोखंडी पट्टी असेल तर घेऊन यावी.